48 आकडे आणि आप्पांचा ओटीपी

लॅपटॉपचा मदरबोर्ड मे महिन्यात गेला. आमच्याकडचा मे, वर पत्रे, बाहेर 44 डिग्री आणि आत डॉकर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारे दोन डेटाबेस. जायचाच होता. वॉरंटी शिल्लक होती. तक्रार नोंदवली, चोपड्याहून एसटीनं जळगावला नेऊन दिला, नऊ दिवसांनी फोन आला, "सर, बोर्ड बसवला, घेऊन जा." इथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पोरानं बटण दाबलं आणि निळा पडदा आला. बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप. 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, टाका.

"भाऊ, हे फॉरमॅट मारावं लागेल," पोरगा म्हणाला. म्हणाला कसला, पेनड्राइव्ह हातात घेऊनच उभा होता.

माझ्या पोटात गोळा. तीन दिवसांचं प्रोग्रॅमिंगचं काम गिटमधून सर्व्हरवर पुश केलेलं नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे अर्धं काम स्टॅशमध्ये, म्हणजे माझ्याच डिस्कवर बाजूला ठेवलेलं होतं. (स्टॅश पुशबरोबर जात नाही. अर्धवट काम असलं तरी वेगळी ब्रँच काढून कमिट करा आणि ढकलून द्या.) मी म्हटलं, "डिस्कला काही झालेलं नाही, फॉरमॅट कशाला?" तर म्हणे आमचं हार्डवेअरचं काम झालं, कॉल क्लोज करायचा आहे, इथे सही करा. जॉबशीटवर बारीक अक्षरात छापलेलंच होतं, डेटाची जबाबदारी ग्राहकाची. नऊ दिवसांपूर्वी मीच न वाचता सही ठोकली होती.

भानगड साधी आहे. डिस्क ज्या किल्लीनं उघडते ती टीपीएम नावाच्या चिपच्या भरवशावर असते आणि ती चिप मदरबोर्डवर असते. बोर्ड बदलला की चिप बदलली. नव्या चिपला तुमची डिस्क ओळखीची नाही, म्हणून लॅपटॉप हातानं किल्ली टाकायला सांगतो. रोज मदरबोर्ड बदलणाऱ्या माणसांना हे ठाऊक नसेल? लॅपटॉप जमा करतानाच "की आहे ना?" एवढं विचारलं असतं तर मी घरूनच शोधून आणली असती. ते विचारायला फॉर्मवर रकाना नाही. चार्जर दिला का, बॅग दिली का, याला रकाने आहेत.

मी बिटलॉकर कधी चालू केलंच नव्हतं, असं मी ठासून सांगत होतो. तेही चूक. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्याच खात्यात जाऊन बसते. माझं खातं कॉलेजातलं. पासवर्ड आठवेना, आणि कोड जाणार जुन्या नंबरवर, जो आता आप्पांच्या साध्या फोनमध्ये आहे. आप्पा केळीच्या बागेत.

माझा मोबाइल 6 टक्क्यांवर, म्हणून त्या पोराच्याच फोनवरून आप्पांना लावला. "आप्पा, आता एक मेसेज येईल, त्यातले आकडे सांगा." पलीकडे शांतता. मग, "कोन बोली ऱ्हायना?" मी नाव सांगितलं. "नंबर तं तुना नही." मी विनवतोय, इकडे कोडची मुदत संपतेय. शेवटी आप्पा म्हणाले, "तूच सांगेल शे ना, ओटीपी कोनलेच देवाना नही!" आणि फोन कट.

काउंटरवरचं पोरगं पहिल्यांदा हसलं.

मग मायला लावला. तिनं शेजारच्या वावरात निरोप धाडला, आप्पांनी मला माझ्या नंबरवर फोन केला, आवाज ओळखला, दुसऱ्यांदा आलेला कोड एकेक आकडा वाचून दाखवला. खात्यात चार किल्ल्या निघाल्या, जुन्या लॅपटॉपच्यासुद्धा. निळ्या पडद्यावर की आयडी असतो, त्याची पहिली 8 अक्षरं जुळवा म्हणजे कुठली आपली ते कळतं. मी ते न बघता पहिलीच टाकत बसलो आणि दहा मिनिटं घालवली. की म्हणजे सहा-सहा आकड्यांचे 8 गट. प्रत्येक गटाला 11 ने भाग जातो, त्यामुळे आकडा चुकला तर कळतं. मोबाइल बंद पडेल या भीतीनं आधी जॉबशीटच्या मागे पेनानं उतरवून घेतली, हे बरं केलं.

विंडोज उघडलं. पिन चालेना, पासवर्डनं आत गेलो, टर्मिनल उघडून आधी स्टॅश बघितला. होता.

तुमचा लॅपटॉप चालू असेल तर आजच की काढून कागदावर लिहा. दुरुस्तीआधी एन्क्रिप्शन बंदही करता येतं, पण बोर्ड मेल्यावर ते करायचं कुठून? खात्यातला मोबाइल नंबरही बदलून घ्या. माझा कागद आप्पांनी सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवलाय.

संध्याकाळी एसटीत फोन आला, सर्व्हिस कशी वाटली, 10 पैकी किती? मी 4 म्हणालो. पाच मिनिटांत त्या पोराचा फोन, "भाऊ, ओटीपी तर माझ्याच फोनवरून मागितला ना."