जपानचा पहिला रेल्वेप्रवास : आधी गावे, मग पास

जपानच्या सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो तो जपान रेल पासचा, म्हणजे एकदा पैसे भरून ठरावीक दिवस हवा तेवढा रेल्वेप्रवास करू देणाऱ्या पर्यटक-तिकिटाचा. आमच्याकडेही चर्चा तिथूनच सुरू झाली; परंतु कागदावर हिशेब मांडल्यावर पासचा विचार बाजूला ठेवला आणि कोणती गावे पाहायची ते आधी ठरवले. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो हे शिंकानसेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, एकेरी आरक्षित तिकीट सुमारे १४ हजार येनला पडते, म्हणजे नुसते जाऊन-येऊन पास वसूल होत नाही. शिवाय १९८७ साली सरकारी रेल्वेचे विभाजन होऊन ज्या जेआर कंपन्या निर्माण झाल्या, प्रामुख्याने त्यांच्याच गाड्यांवर हा पास चालतो. आम्हाला ज्या ठिकाणांची ओढ होती, त्यांपैकी हाकोनेच्या डोंगरात चढणारी गाडी, नाराला नेणारी किंतेत्सु आणि कोयासान या मठांच्या पर्वताच्या पायथ्याशी पोचवणारी नानकाई या तिन्ही खासगी कंपन्यांच्या रेल्वे आहेत. पैसे वसूल करण्याच्या नादात प्रवासी रोज शिंकानसेनमध्ये बसत राहतो आणि एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात पोचत राहतो. संस्कृती पाहण्याचा हेतू असेल तर सावकाश जाणाऱ्या गाड्यांना कार्यक्रमात जास्त जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्ग आखताना आम्ही एक पथ्य पाळले : ज्या विमानतळावर उतरलो तिथे परत यायचे नाही. टोकियोत उतरून हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योतो, नारा आणि कोयासान करत ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून परतीचे विमान घेतल्यास उलटा प्रवास वाचतो. व्हिसासाठी मुक्कामाचा दिवसवार कार्यक्रम द्यावाच लागतो, तेव्हा तो उगाच भरल्यासारखा न भरता खरोखर पाळण्याजोगा करावा. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस निघालो, कारण तेव्हा डोंगराळ भागातील मेपल रंगू लागतात आणि हवाही सुखद असते. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील गोल्डन वीक ही सलग सुट्ट्यांची वेळ, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि नववर्षाचे दिवस शक्यतो टाळावेत. या तिन्ही हंगामांत नोझोमी या सर्वांत जलद शिंकानसेन गाड्या पूर्णपणे आरक्षित असतात, आणि एरवी सहज मिळणारी हॉटेलेही मिळेनाशी होतात.

तिकिटांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे, ती निघण्यापूर्वीच समजून घेतलेली बरी. लांबच्या जलद गाडीसाठी मूळ भाडे आणि जलद गाडीचे अधिक शुल्क असे दोन भाग असतात. कधी दोन्ही एकाच कागदावर छापलेले असतात, तर कधी हातात दोन वेगळी तिकिटे पडतात. दोन असतील तर ती एकावर एक ठेवून एकाच वेळी फाटकाच्या यंत्रात घालायची आणि पलीकडून बाहेर आली की आठवणीने उचलायची. जेआरच्या आरक्षित जागांची विक्री साधारणपणे प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहा वाजता सुरू होते. शहरातील प्रवासासाठी सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी आधी पैसे भरून ठेवायचे कोणतेही एक कार्ड पुरते आणि ते दुकानांतही चालते. मात्र टोकियो परिसरात कार्ड लावून आत शिरायचे आणि ओसाकाला जाऊन बाहेर पडायचे, असे चालत नाही; लांबच्या प्रवासाला वेगळे तिकीट काढावेच लागते.

सामानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडची मंडळी इथेच सर्वाधिक त्रास ओढवून घेतात. टोकियो-ओसाका मार्गावरील तोकाइदो शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेमागील जागा आसनासोबतच राखून ठेवावी लागते, नाहीतर १,००० येन शुल्क आकारले जाते. यावर जपानी लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ताक्युबिन ही सामान पोचवण्याची सेवा. हॉटेलच्या काउंटरवर पत्ता लिहून बॅग दिली की ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. आम्ही मोठ्या बॅगा टोकियोहून थेट क्योतोला पाठवल्या आणि मधली सगळी गावे पाठीवरच्या पिशवीवर केली. जिने, लहान स्थानके आणि आठ-दहा मिनिटांत गाडी बदलण्याचे प्रसंग लक्षात घेता हा खर्च पूर्णपणे सार्थकी लागला.

टोकियोत यामानोते ही वर्तुळाकार मार्गावरची गाडी ३४.५ किलोमीटरचा फेरा सुमारे तासाभरात पूर्ण करते. पहिल्या दिवशी, विमानप्रवासाचा शीण असताना, तिच्यात बसून एक फेरी मारणे हा रेल्वेचे शिष्टाचार शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. फलाटावरील खुणांप्रमाणे लोक रांगेत उभे राहतात, पाठीवरची पिशवी पुढे घेतात आणि डब्यात कोणीही फोनवर बोलत नाही. चालक आणि गार्ड प्रत्येक सिग्नलकडे व घड्याळाकडे बोट दाखवून मोठ्याने उच्चार करतात. नजर, हात आणि आवाज यांची एकदम साक्ष ठेवली की चूक कमी होते, हा त्यामागचा विचार. बहुतेक मोठ्या स्थानकांवर त्या स्थानकाचा सचित्र शिक्का ठेवलेला असतो. कोरी वही जवळ बाळगावी. मुलांना तर हा नाद हमखास लागतो आणि मोठ्यांनाही, हे अनुभवाने सांगतो.

हाकोनेला जाण्यासाठी ओदावारा येथे उतरावे. तिथून हाकोने-युमोतो आणि पुढे गोरापर्यंत १९१९ पासून धावणारी डोंगरगाडी आहे. तिचा चढ काही ठिकाणी हजार मीटरला ऐंशी मीटर इतका आहे, तरीही ती दातेरी रुळांचा आधार घेत नाही. वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबते, चालक आणि गार्ड फलाटावरून चालत जाऊन आपापल्या जागा बदलतात आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागते. खंडाळ्याच्या घाटात एकेकाळी रिव्हर्सिंग स्टेशन होते ते ऐकून माहीत होते. तो प्रकार प्रत्यक्ष अनुभवायला मिळाला तो इथे. हाकोनेसाठी डोंगरगाडी, रोपवे आणि सरोवरातील बोट यांचा एकत्रित फ्रीपास मिळतो आणि तो निःसंशय घ्यावा.

ओदावाऱ्याहून नागोयाकडे जाताना नोझोमीचा विचार सोडून द्यावा, कारण ती तिथे थांबत नाही. कोदामा ही शिंकानसेन प्रत्येक स्थानक घेत जाते, आणि दोनेक तासांनी तिच्यापेक्षा जलद अशी एखादी हिकारीही मिळते. आसन निवडताना ई अक्षराचे, म्हणजे उजव्या खिडकीचे घ्यावे. हवा स्वच्छ असेल तर शिन-फुजी स्थानकाच्या आसपास फुजी पर्वत संपूर्ण दिसतो. कोदामा मधल्या स्थानकांवर काही मिनिटे उभी राहते आणि शेजारून नोझोमी धडधडत निघून जाते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या या मार्गाची खरी गती आत बसून कळत नाही, ती अशी फलाटावर उभे राहिल्यावर कळते.

नागोयाहून ताकायामाला जाणारी हिदा ही गाडी आमच्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत आवडती ठरली. नागोयात चढल्यावर सगळी आसने उलट्या दिशेला तोंड करून दिसतात, तेव्हा गोंधळून ती फिरवू नयेत. गिफू येथे गाडीची दिशा बदलते आणि मग सगळे सुलट होते. त्यानंतर ती हिदा नदीच्या घळईतून वर चढू लागते, आणि पाणी कधी डाव्या तर कधी उजव्या खिडकीशी येते. ताकायामाला किमान दोन रात्री द्याव्यात. प्राचीन काळी या डोंगराळ मुलखाकडून कराऐवजी सुतार मागवले जात आणि त्यांनी नारासारख्या तेव्हाच्या राजधानीतील राजवाड्यांवर व मंदिरांवर काम केले. ही माहिती मनात ठेवून सान्नोमाची भागातील काळसर लाकडी जाळ्यांची घरे पाहिली की पुढे नारा वेगळ्याच दृष्टीने पाहता येते. मद्य गाळणाऱ्या जुन्या घरांच्या दारावर देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला असतो. नवे मद्य तयार झाले की हिरवा गोळा लावतात आणि महिन्यांगणिक तो तपकिरी होत जातो. १६९२मध्ये हा प्रांत थेट शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, अमलाखाली आला. त्या काळातील सरकारी कचेरी, म्हणजे ताकायामा जिन्या, आजही उभी असून तांदळाच्या रूपाने जमा होणारा महसूल साठवण्याची कोठारेही तिथे पाहता येतात. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबर या दिवशी येथे रथांचा उत्सव असतो. त्या वेळी जायचे असेल तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करावी लागते.

ताकायामाहून तोयामामार्गे कानाझावाला जाता येते, परंतु तोयामापर्यंत जाणाऱ्या हिदा गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत, त्यामुळे वेळापत्रक पाहून त्या दिवसाची आखणी करावी. कानाझावाचे केनरोकुएन उद्यान सुंदर आहे, पण तिथे गर्दी फार असते. सकाळी लवकर जावे. तिथून क्योतोला जाणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. मार्च २०२४ पासून शिंकानसेन त्सुरुगापर्यंत धावू लागली आणि पूर्वीची थेट थंडरबर्ड गाडी आता त्सुरुगापासूनच सुटते. वरच्या मजल्यावर शिंकानसेनमधून उतरून खालच्या मजल्यावर दुसरी गाडी पकडायला अवघी काही मिनिटे मिळतात. दोन्ही तिकिटे एकत्रच काढावीत आणि बाण दाखवतील तिकडे न रेंगाळता चालावे.

क्योतोबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी एकाच जागेविषयी आग्रह धरतो, ती म्हणजे स्थानकापासून फार दूर नसलेले सांजुसानगेन्दो. सुमारे १२० मीटर लांबीच्या या लाकडी दालनात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती रांगेने उभ्या आहेत. त्यांच्या पुढे असलेल्या २८ रक्षक देवतांमध्ये ब्रह्मा, इंद्र आणि गरुड आढळतात. बासरी वाजवणाऱ्या पक्षिमुखी गरुडासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

नाराला जेआरनेही जाता येते, मात्र किंतेत्सुचे स्थानक हरणांच्या उद्यानाला अधिक जवळ आहे. तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या प्रतिष्ठापनेत, इ. स. ७५२मध्ये, मूर्तीचे नेत्र रेखण्याचा मान बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूला मिळाला होता. हे वाचून गेल्यास त्या प्रचंड मूर्तीसमोर नुसते पर्यटक म्हणून उभे राहवत नाही.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट गृहीत धरावी : भाज्यांच्या रश्शातही बहुधा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असते. स्थानकावर मिळणारे एकिबेन हे डबे दिसायला देखणे असतात, तरी त्यांतील पूर्ण शाकाहारी डबा शोधावा लागतो. मांस, मासे आणि दाशी चालत नाही असे जपानी भाषेत छापलेले कार्ड जवळ ठेवावे, पारंपरिक निवासात आरक्षणाच्या वेळीच तसे कळवावे आणि चिवडा, मेतकूट, तयार पोहे असा कोरडा शिधा सोबत न्यावा. हॉटेलच्या खोलीत पाणी उकळण्याची किटली जवळजवळ सर्वत्र असते.

ही सगळी कसर भरून निघते ती कोयासानला. ओसाकातील नाम्बा स्थानकावरून नानकाईची गाडी दीड तासाच्या आसपास गोकुराकुबाशीला पोचते, तिथून केबल कार पाच मिनिटांत वर नेते आणि पुढे बस घ्यावीच लागते, कारण त्या रस्त्यावर पायी चालण्यास परवानगी नाही. इ. स. ८१६मध्ये कूकाई या आचार्याला हा पर्वत मिळाला आणि त्याने येथे शिंगोन या बौद्ध पंथाचे पीठ उभारले. आज पन्नासएक मठांत पाहुण्यांची राहण्याची सोय आहे. जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य. तिळाचे तोफू आणि गोठवून सुकवलेले कोया-तोफू ही तिथली खासियत. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढले जाते, म्हणून पाचच्या आत पोचावे. पहाटेच्या प्रार्थनेला जरूर बसावे. काही मठांत अग्नीत आहुती देण्याचा विधीही असतो आणि त्यातील मंत्र मुळात संस्कृत आहेत. ओकुनोइन या कूकाईंच्या समाधिस्थानाकडे जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या वाटेवर, उंच देवदारांखाली, दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत आणि त्यांतील अनेकांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतील बीजाक्षरे कोरलेली दिसतात. कूकाई गेले नसून अखंड ध्यानात बसले आहेत, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी दररोज दोन वेळा भोजन नेले जाते. आळंदी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सकाळचे भोजन सहा वाजता आणि दुसरे साडेदहाला नेतात, तेव्हा परतीची गाडी दुपारची धरावी.

क्योतोला आलेल्या मोठ्या बॅगा विमानतळावर पाठवायच्या असतील तर एक-दोन दिवस आधी द्याव्या लागतात, हे कोयासानला निघण्यापूर्वीच उरकावे. नाम्बाहून कानसाई विमानतळाला रापीत ही पूर्ण आरक्षित गाडी चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर पोचते. ती न मिळाल्यास त्याच स्थानकातून सुटणारी साधी एअरपोर्ट एक्स्प्रेस दहाएक मिनिटे जास्त घेते आणि स्वस्तही पडते. टोकियोत घेतलेले सुइका कार्ड ओसाकात परत करता येत नाही, त्यामुळे त्यातील शिल्लक रक्कम विमानतळावरच्या दुकानात खर्चून टाकावी.