तुम्ही विचारलंत म्हणून: भीड नाही वाटत?

सकाळी बागेत चालायला येणाऱ्या बायकांपैकी कोणी ना कोणी महिन्यातून एकदा तरी हे विचारतंच. "बागेतल्या बंद दिव्यांवरून तुम्ही नगरसेवकाला सगळ्यांसमोर तोंडावर बोललात, भीड नाही वाटली?" परवा भाचीनेही फोनवर तेच विचारलं. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

वाटते. चांगली वाटते. आणि त्या भिडेला कारणही आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ह्यांचा ऑक्सिजन ८२ वर आला. दिसेल त्या नंबरला फोन लावले, बेड कुठेच नाही. रात्री साडेअकराला आमच्या नगरसेवकाला फोन केला. तोंडावर दोन मास्क लावून तो स्वतः आला, ह्यांना आपल्या गाडीत घातलं आणि पहाटेपर्यंत चार दारं ठोठावून बेड मिळवून दिला. बाराव्या दिवशी हे घरी आले. असा माणूस समोर उभा राहिला की "आमच्या गल्लीतल्या गटाराचं काय झालं रे?" हे वाक्य घशातच अडकतं. भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, ती उसन्या पैशांबद्दल बोलतेय.

आता दिव्यांचं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास बागेतल्या चालण्याच्या वाटेवर चौदा सौर दिवे बसले. फाटकाशी भला मोठा फलक लागला, "यांच्या विशेष प्रयत्नांतून", शेजारी हात जोडलेला फोटो. नारळ फुटला, पेढे वाटले. वाटणाऱ्यांत मीही होते. पुढच्या पावसाळ्यात दिवे मिणमिणायला लागले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नऊ बंद.

सौर दिव्याचं दुखणं बहुतेक वेळा बॅटरीत असतं. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी काही वर्षांतच मान टाकते. त्यात पॅनेलवर धूळ नि पक्ष्यांची घाण साचली की ती रोज अर्धपोटी राहते आणि आणखी लवकर जाते. आमच्याकडे तर तीन खांबांवर गुलमोहराच्या फांद्या आल्या होत्या. (झाड तोडा म्हणून कोणी निघू नका, छाटणी पुरली असती.) थोडक्यात, या स्वच्छ ऊर्जेला अधूनमधून शिडी लावून फडकं मारणारा माणूस लागतो. फडकं मारण्याचं उद्घाटन होत नाही, तिथेच सगळं अडतं.

विचारायचं कोणाला? राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली, त्यात आमचीही होती. निवडणुका झाल्या २०२६ च्या जानेवारीत. मधली सगळी वर्षं प्रशासक, म्हणजे नगरसेवक कोणी नाहीत, कारभार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, मी आता माजी. प्रशासकांना विचारा." कार्यालयात गेले तर म्हणाले, "ते नगरसेवकांच्या काळातलं काम." फलकावर मात्र तो हात जोडून होताच.

सोमवारची सोय मला एका ओळखीच्या निवृत्त शिक्षकांनी सांगितली. आपल्या राज्यात माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये आला. केंद्राचा आला २००५ मध्ये. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण २०१८ मध्ये शासनाने असंही सांगितलं की जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना फायली बघायला द्याव्यात. पुणे महापालिकेत हे त्याच्याही आधीपासून होतं.

पहिल्या सोमवारी "साहेब मीटिंगला गेलेत". दुसऱ्या सोमवारी फाइल सापडेना. तिसऱ्या सोमवारी एका तरुण कारकुनाने ती माझ्यासमोर ठेवली, नाडी सोडून दिली आणि स्टूल पुढे सरकवून हळूच म्हणाला, "मागून वाचत या, लवकर सापडतं." त्याचं भलं होवो. मागून तिसऱ्याच पानावर वर्क ऑर्डर होती. पाच वर्षं देखभाल ठेकेदाराची, बॅटरी बदलण्यासकट. आणि पुढे जुलै २०२३ ची टिपणी: सर्व दिवे सुस्थितीत आढळले, ठेकेदाराची अनामत (कामाच्या हमीपोटी ठेवलेली रक्कम) परत करण्यास हरकत नाही. खाली सही. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीने त्या वाटेवर अंधारात ठेचकाळून मनगट मोडून घेतलं होतं, म्हणून तारीख मला पक्की आठवत होती.

आणखी एक गंमत. महापालिकेच्या आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहासमोर ठेवावा लागतो, कायद्यातच आहे तसं. हवा, पाणी, कचरा, झाडं, सगळ्याचा हिशेब त्यात असतो. फार कमी लोक तो उघडतात, आणि उघडला तरी नदीच्या पाण्याचे आकडे बघून परत मिटतात. आमच्याकडचा मी उघडला. 'अपारंपरिक ऊर्जा' या मथळ्याखाली आमच्या बागेतले चौदाच्या चौदा दिवे लख्ख पेटलेले.

आता तुम्ही म्हणाल, सही अधिकाऱ्याची, मग त्या पोराला का धरता? अधिकाऱ्याला लेखी तक्रार दिलीच होती. दोन महिन्यांनी "कार्यवाही सुरू आहे" असं पत्र आलं. पण फोटो अधिकाऱ्याचा नव्हता. आपल्याकडे बाकापासून बसथांब्यापर्यंत सगळ्यावर कोणाचं ना कोणाचं 'सौजन्य' असतं, जसं काही घरच्या पोत्यातून काढून दिलंय. खासदारांचंच घ्या. त्यांना वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. सुचवता. पैसे सरकारचे, कामं करून घेतं जिल्हा प्रशासन. नगरसेवकाचा निधी म्हणजे तर तुमची-माझी घरपट्टी. ज्याने फलकावर नाव घातलं, त्याला नावाने विचारणं मला गैर वाटत नाही.

तरी त्या बेडचं काय करायचं, हे कळत नव्हतं. मी एकतीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर काढली. तिथला एक नियम अंगात मुरलाय, की एका खात्यातली रक्कम परस्पर दुसऱ्या खात्यात वळती करायची नाही. मग रोजच्या हिशेबाच्या वहीत एका पानावर लिहिलं 'बेड' आणि दुसऱ्या पानावर 'दिवे'. बेडच्या पानावर मी त्याची देणेकरी, ते देणं कधी फिटायचं नाही. दिव्यांच्या पानावर तो. वाचायला सोपं वाटतं, पण हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

जानेवारीत तो प्रचाराला आला. पुढे हलगी, मागे वीसेक पोरं, गळ्यात पक्षाचं उपरणं. वाकून नमस्कार केला. शेजारच्या तिन्ही दारांतून बायका बघत होत्या. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि वहीचं पान वाचून दाखवलं: चौदा दिवे, पाच वर्षं देखभाल, अनामत परत, नऊ बंद. मग विचारलं, "कधी लागतील?" आवाज कापत होता माझा, खोटं कशाला बोलू. हलगीवाला वाजवायचा थांबला.

तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, सगळ्यांसमोर? काकांच्या वेळी मी रात्रभर..."

"ते विसरले नाही रे. विसरणार पण नाही. आत ये, चहा घे. पण दिवे कधी?"

चहाला तो थांबला नाही. मत मी कोणाला दिलं ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. तो निवडून आला, चांगल्या फरकाने आला. त्यामुळे "अशाने ते पडतात का?" असं विचारणार असाल तर उत्तर 'नाही' असं आहे.

निकालानंतर तीन आठवड्यांनी शिडी घेऊन दोन माणसं बागेत आली. गुलमोहराच्या फांद्या छाटल्या, पॅनेल पुसली, सहा बॅटऱ्या बदलल्या. आज चौदापैकी अकरा दिवे लागतात. जुन्या सहा बॅटऱ्या एका टेम्पोत टाकून नेल्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर असते. टेम्पो कुठे गेला, ते विचारायला येत्या सोमवारी जायचंय. त्या कारकुनाची बदली झालीय म्हणे.

नगरसेवक मधे भाजी बाजारात भेटला. ह्यांची तब्येत विचारली, गोळ्या वेळेवर घेतात का तेही विचारलं. फक्त आता तो मला काकू म्हणत नाही, मॅडम म्हणतो.