सातेरीचा तिसरा हंगाम: पेठेतून नाशिकला मध आणताना

पेठ तालुक्यात मामांच्या बांधावर ठेवलेल्या माझ्या सातेरी या देशी मधमाशीच्या चार पेट्यांतून यंदा एप्रिलमध्ये १४ किलो मध निघाला. गेल्या वर्षी ११ किलो निघाला होता, परंतु त्यातील जवळजवळ पाच किलो जुलैपर्यंत आंबून गेला. म्हणून या वेळची नोंद काढणीनंतरच्या कामाची आहे.

गेल्या वर्षी मी सारा दोष डब्याला दिला होता. खरी चूक पेटीपाशीच झाली होती, कारण मेणाचे टोपण अर्धवट बसलेल्या पोळ्याच्या चौकटीही, ज्यांतला मध अजून पुरता आटलेला नसतो, मी मोहापायी मध काढायच्या यंत्रात घातल्या होत्या. सातेरीचा मध मुळातच मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी पाळीव मधमाशीच्या, मधापेक्षा पातळ असतो. त्यात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले, की दाट साखरेतही तग धरणारे यीस्ट, जे मधात आधीपासूनच असते, कामाला लागते. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या मानकातही पाण्याची मर्यादा २० टक्केच आहे. जुलैत झाकण फिरवताच डब्याने सुस्कारा सोडला, वर फेस होता आणि वास थेट ताडीच्या वळणावर गेलेला होता.

या वर्षी ज्या चौकटींची किमान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली होती, त्याच उचलल्या. शंका आली तेथे चौकट आडवी धरून हिसका दिला; थेंब उडाले, तर ती पुन्हा मधकोठीत, म्हणजे पेटीच्या वरच्या मधाच्या कप्प्यात, ठेवली. मधातील पाणी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर पहिल्या डब्याचा मध १९.२ आणि दुसऱ्याचा १९.८ टक्के भरला. दुसरा आकडा मला अजूनही टोचतो, त्यामुळे तो डबा आधी संपवायचा, असे घरात जाहीर केले आहे.

डबे स्टेनलेस स्टीलचे, प्रत्येकी सहा लिटरचे घेतले. मध आम्लधर्मी असल्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात किंवा उघड्या लोखंडात तो ठेवू नये. लोणच्याची जुनी प्लॅस्टिक बरणी कितीही घासली तरी तिचा वास मधात उतरतो, हेही मी पहिल्या हंगामात शिकलो आहे. एका लिटरमध्ये सुमारे १.४ किलो मध मावतो, म्हणून प्रत्येक डब्यात सात किलो भरल्यावर वर दोन बोटांची जागा राहिली. ती मुद्दाम राखली होती, कारण उन्हाने मध फुगतो आणि काठोकाठ भरलेला डबा झाकणाच्या आट्यांतून पाझरू लागतो. भरण्यापूर्वी डबे धुऊन पूर्ण दिवस उन्हात वाळवले. तळाशी राहिलेले चमचाभर पाणीही वरचा थर आंबवायला पुरेसे असते.

वाहतुकीत सर्वांत मोठा शत्रू ऊन आहे. दुपारी बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडीत मध तापत राहिला, तर त्याचा रंग गडद होतो, एचएमएफ (तापल्याने मधातील साखरेपासून बनणारे रसायन) वाढते आणि सुगंध उडतो. म्हणून आम्ही पहाटे साडेचारला निघालो. डबे मागच्या आसनासमोर पायांच्या जागेत उभे ठेवून मधल्या फटीत कोरडी गोणपाटे ठासली होती, कारण सावळघाटाच्या वळणांवर मध पाण्यासारखा हिंदकळत नाही, तो सावकाश एका बाजूला झुकतो आणि डब्याला आपल्यासोबत ओढतो. भरताना डब्यांच्या बाहेरील ओघळ ओल्या फडक्याने पुसून मगच गाडीचे दार उघडले होते. ही काळजी न घेतल्यास पेट्यांवरील माश्या वासाच्या मागे गाडीत शिरतात आणि लुटालुटीला सुरुवात होते. मामांनी हा सगळा सोहळा चहाचा पेला हातात घेऊन पाहिला आणि "नवरी पाठवतोयस का?" असे विचारले.

नाशिकच्या घरी आता पावसाळ्याची धास्ती आहे. मध हवेतील ओलावा ओढून घेतो. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली, तर सैल झाकणाचा डबा हळूहळू पातळ होत जातो. त्यामुळे रोजच्या वापरासाठी अर्ध्या किलोच्या काचेच्या बाटल्या भरून मोठे डबे बंदच ठेवले आहेत आणि ओला चमचा घालण्यास सक्त मनाई आहे.

थंडीत मध रवाळ झाला, की "साखर घातली का?" असे विचारणारे शेजारी यंदाही भेटतील. रवा धरण्यास सुमारे १४ अंश तापमान सर्वांत अनुकूल असते आणि आपल्या नाशिकची डिसेंबरमधील रात्र त्याहूनही खाली जाते. अशी बाटली मी ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवतो, थेट गॅसवर कधीच नाही. अर्धवट रवाळलेल्या मधाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते, कारण ग्लुकोजचे कण वेगळे झाल्यावर उरलेल्या द्रवात पाण्याचे प्रमाण वाढते आणि आंबण्याची सुरुवात नेमकी त्या थरातून होते.

दुसऱ्या डब्यातील दोन बाटल्या तपासणीसाठी वेगळ्या काढल्या आहेत. एकीचे झाकण घट्ट आहे, दुसरीचे मुद्दाम अर्धा आटा सैल सोडले आहे. दोन्ही ओट्याखालच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या असून ऑगस्टअखेर त्यांचे पाणी पुन्हा मोजून आकडे येथे लिहीन.