पाच माणसं, एक कुत्रा, एक मांजर आणि वुल्फ क्रीकचा उतार

आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागच्या नोंदीतल्या कामांपैकी छताच्या कडांचं सीलंट झालं, घरातल्या वापराच्या बॅटऱ्या लिथियमच्या झाल्या, बाथरूमचा गळका व्हॉल्व्ह बदलला. ब्रेकचं तेल बदलायचं राहिलं. "आल्यावर करू" असं नवरा म्हणाला आणि मीही मान डोलावली.

नव्या वाचकांसाठी गाडीची माहिती: २०१२ ची क्लास सी (व्हॅनच्या चासीवर बांधलेलं घर), फोर्ड ई-४५० चासी, ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, लांबी २७ फूट. निघताना ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर सगळ्यांसकट १३,४०० पौंड भरली. मर्यादा १४,५०० ची आहे, म्हणजे हाताशी हजारभर पौंड होते. त्यातले किती आईच्या डब्यांनी खाल्ले ते विचारू नका.

या खेपेला आई-बाबा साताऱ्याहून इथे अमेरिकेत आलेले. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट त्यांनी किती वर्षं उतरवला त्याचा हिशोब नाही. इथे त्यांना गाडी चालवायची नाही, म्हणून माझ्या शेजारी बसवलं. घोटाळा असा, की इथली शेजारची सीट म्हणजे त्यांची जन्माची ड्रायव्हरची बाजू. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर नसलेला ब्रेक दाबायचा.

पहिला दिवस: डेन्व्हर ते ग्रेट सँड ड्यून्स

डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे आमचं घरच महाबळेश्वरपेक्षा उंच. तरी २८५ नंबरचा रस्ता केनोशा खिंडीकडे चढायला लागला की इंजिन रडतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते. ३०५ हॉर्सपॉवर फक्त कागदावर. दहा हजार फुटांवर दोनशे-सव्वादोनशे समजून चालायचं. उजव्या लेनमध्ये ताशी ३५ मैलांच्या वेगाने चढलो, मागे रांग झाली की जागा बघून बाजूला घेतली. चढावाचं एवढंच. तिथे फार तर वेळ जातो.

खंडू (आमचा लॅब्रॅडॉर) पहिल्या तासात ओकला. घाटाआधी चार तास त्याला खायला द्यायचं नाही हा नियम आईला माहीत नव्हता. तिने त्याला प्रेमाने चपाती भरवली होती.

कॅम्पला पोचल्यावर गाडी लेव्हल करणं हे माझं नावडतं काम. गॅसवर चालणारा आमचा फ्रीज गाडी कललेली असेल तर नीट गार करत नाही, त्यामुळे टाळताही येत नाही. फोनवरचं अ‍ॅप घेऊन मी आत-बाहेर करत होते. बाबांनी काही न बोलता जेवणाच्या टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. "डावं पुढचं चाक उचल. अजून. बास." दोन ठोकळ्यांत काम झालं. अ‍ॅप उडवून टाकलं.

दुसरा दिवस: वाळू

अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला पायवाटांवर बंदी असते. ग्रेट सँड ड्यून्स त्यातला सुखद अपवाद, मुख्य भागातल्या टेकड्यांवर कुत्रा चालतो, फक्त दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको. पण जुलैत दुपारी ही वाळू ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापते. हाताची मागची बाजू वाळूवर ठेवून बघायचं, आपल्याला सोसवेना तर त्याच्या पंजालाही नाही. आम्ही सहाला गेलो, साडेआठला परत. खंडूने एवढ्या मोठ्या वाळवंटात खड्डा मात्र एकाच जागी खणला.

तिसरा दिवस: चकली हरवते

आठला निघायचं होतं. मी स्लाइडचं बटण दाबायला हात नेला आणि सवयीने मोजलं: माणसं पाच, कुत्रा एक, मांजर (आमची चकली) शून्य. स्लाइड म्हणजे बाहेर सरकणारी आमची खोलीची भिंत. ती आत येताना खालच्या फटीत मांजर असेल तर काय होईल ते लिहवत नाही. कपाटं, अंथरुणं, वरचा बंक, बाथरूम, सगळं पालथं घातलं. लेक रडायला लागली. दोन तासांनी आईने पिशवीतून सुकटीची पुडी काढून नुसती चुरचुरवली. सोफ्याखालच्या ड्रॉवरमागून, स्लाइडच्या मोटरला टेकून, दोन हिरवे डोळे चमकले. ड्रॉवर काढायला आणखी अर्धा तास गेला.

ज्यांच्या गाडीत मांजर आहे त्यांनी एवढं करा: ड्रॉवरमागची मोकळी जागा प्लायवूडने बंद करा, आणि मांजर पिंजऱ्यात डोळ्यांनी दिसल्याशिवाय बटणाला हात लावू नका. आमचं प्लायवूड दुरँगोत बसलं. सुकट आता औजारांच्या पेटीत असते.

साडेअकराला निघाल्यामुळे दिवसाचं गणित कोसळलं. जुलै-ऑगस्टमध्ये या डोंगरांवर दुपारी ढग फुटतात. इथेही त्याला मान्सूनच म्हणतात. खिंडी दुपारच्या आत ओलांडायच्या हा साधा नियम. आम्ही वुल्फ क्रीक खिंडीच्या माथ्यावर, १०,८५७ फुटांवर, दोनला पोचलो आणि गारा सुरू झाल्या.

पश्चिमेकडचा उतार जवळपास सात टक्क्यांचा. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडी भरलेल्या दोन चढत्या पट्ट्या ठेवल्यात, यावरून काय ते समजा. मला टो-हॉल (उतारावर इंजिनानेच गाडी रोखून धरणारं बटण), खालचा गिअर, सगळं ठाऊक होतं. पण काचेवर गारा, समोर धुकं, त्यात मी ब्रेकवर पाय ठेवला आणि ठेवूनच राहिले.

"लायनर तापला," बाबा म्हणाले. मला अजून वास आला नव्हता.

"बाबा, हळूच चाललेय ना मी."

"हळू नव्हं, पाय ठेवून चाललीयेस. घाटात गाडी हातानं उतरवायची, पायानं नाही. दुसऱ्यात टाक."

दुसऱ्यात टाकली. इंजिन चार हजारांवर ओरडायला लागलं, मागून आईने रामरक्षा सुरू केली, पण गाडी ३५ वर बांधल्यासारखी स्थिरावली. वेग वाढला की ब्रेक जोरात मारून २५ वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पाय उचलल्यावर डिस्कला वारा लागतो. पहिली थांबण्याजोगी जागा आली तिथे थांबलो.

इन्फ्रारेड थर्मामीटरने चाकं मोजली: पुढचं उजवं ३१० फॅरनहाइट, पुढचं डावं ४८०. एवढा फरक माझ्या पायामुळे पडत नाही. डावा कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) पिनेवर अडकत होता, पाय उचलल्यावरही पॅड पूर्ण सुटत नव्हता. वर ते न बदललेलं तेल. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ ताजं असताना २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळायला नको, पण पाणी मुरल्यावर ती हमी १४० पर्यंतच उरते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. आमचं टेकलं नाही, एवढंच.

चाळीस मिनिटं थांबलो. चहा टाकला. वाटेत बाबांनी या विषयावर पुन्हा चकार शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

चौथा-पाचवा दिवस: दुरँगो

गॅरेजमध्ये दोन्ही पुढचे कॅलिपर, पॅड, सगळं तेल नवं. जुनं तेल बाटलीत बघितलं तर कोरा चहा. लेक आणि आई १८८२ पासून सिल्व्हर्टनला जाणारी छोटी रेल्वे बघायला स्टेशनवर गेल्या. आईचा अभिप्राय, "माथेरानच्या गाडीपेक्षा मोठीय."

सहावा दिवस: सिल्व्हर्टन, मग यूरे

सकाळी सातला निघालो. कोलबँक खिंड, मग मोलास खिंड, मग सिल्व्हर्टन गाव, ९,३१८ फूट. तिथे थांबून जेवण केलं. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ दिवसभर शिजत बसेल. घरी कुकरच्या चार शिट्ट्या लागतात, इथे सहा लावल्या. तरी भात थोडा करकरीतच.

मग रेड माउंटन खिंड. ११,०१८ फूट, दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडी उरतेच. पुढे यूरेपर्यंत बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कठडाच नाही, कारण हिवाळ्यात नांगर लावून बर्फ दरीतच लोटावा लागतो. मोठ्या गाडीवाल्यांनी हा रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे करावा. इथे उजवीकडून चालवतात, त्यामुळे यूरेकडे जाताना आपल्या अंगाला डोंगर येतो आणि दरी समोरून येणाऱ्यांच्या वाट्याला. बाबांच्या खिडकीबाहेर हातभर अंतरावर लाल खडक होता. पूर्ण उतार दुसऱ्या गिअरमध्ये. त्यांचा पाय मॅटवर निवांत पडलेला, एका हाताने मांडीवरच्या चकलीला खाजवत होते.

यूरेला उतरल्या उतरल्या मोजलं: डावं २१०, उजवं २०५.

राहिलेली कामं: मागच्या चाकांचे ब्रेक तपासणे, फ्रीजचा बर्नर साफ करणे (आठ हजार फुटांवर गॅसवर पेटायला नखरे करतो), अस्वलांमुळे खंडूचं खाणं बाहेरच्या कप्प्यातून आत हलवणे. आणि ड्रायव्हरचा आरसा. संध्याकाळी उभ्या गाडीत बाबा तासभर त्या सीटवर बसले होते, तेव्हापासून तो त्यांच्या उंचीला लागलाय.