वस्तूची पाठ

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात लाकडाचा एक पुतळा आहे. समोरून बघितला तर ताठ मानेचा मेफिस्टोफेलिस, म्हणजे सैतानाचा दूत. मागे आरसा, आणि आरशात नजर खाली झुकवलेली मार्गारेटा, ‘फाउस्ट’ या जर्मन नाटकातली नायिका. ओंडका एकच. इथे आरशापुढे थबकणारे लोक पुढच्या दालनांत मात्र प्रत्येक वस्तू समोरूनच बघतात आणि निघतात. बघणाऱ्यांचा तरी काय दोष? कपाटाला आरसा क्वचितच असतो, आणि राजेरजवाड्यांच्या वस्तूंची खरी गंमत बऱ्याचदा भिंतीकडे तोंड करून बसलेली असते.

ढालच घ्या. दर्शनी बाजूला चार फुगीर फुले दिसतात. ती शोभेची वाटतात, पण त्यांच्याखाली खिळ्यांची टोके दडलेली असतात. त्याच खिळ्यांनी मागच्या बाजूला कड्या बसवतात, कड्यांत पट्टे ओवतात आणि पट्ट्यांच्या मध्ये मुठीखाली छोटी गादी असते. ढालीवर घाव बसला की बोटांची हाडे सलामत राहावीत म्हणून ती गादी. फुले जवळजवळ असली तर पकडही आटोपशीर, एवढा अंदाज समोरूनही बांधता येतो.

दागिन्यांचे तर विचारूच नका. कुंदनकामात हिरा आकड्यांनी धरलेला नसतो. दागिन्याच्या पोकळीत लाख भरतात, खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा ठेवतात आणि भोवती शुद्ध सोन्याच्या पट्ट्या थंडच दाबून बसवतात. चकाकीत त्या पत्र्याचा मोठा वाटा असतो. आत ओल शिरली की पत्रा काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. कंठ्यातले दोनच हिरे निस्तेज दिसले तर ते नकली समजू नयेत. याच कंठ्याच्या मागे बहुतेकदा लाल-हिरवी मीनाकारी, म्हणजे धातूवर भाजून बसवलेली रंगीत काच असते. दरबाराला हिरे दिसायचे, फुलापानांची वेल घालणाऱ्याच्या अंगाला लागून असायची. हे काम बघायचे तर कपाटाच्या बाजूच्या काचेपाशी जावे आणि डोके खाली करावे. जाड दागिन्याची कड तेवढ्याने दिसते, आणि कडेवर मीना असली तर मागेही असणार हे बहुधा धरून चालावे.

तलवारीपाशी आधी एक भ्रम काढून टाकलेला बरा. लढाईची तलवार साधारण एक-सव्वा किलोची असते. ‘साठ किलोची तलवार’ फक्त ऐकायची. मूठ लहान दिसते म्हणून त्या काळची माणसे लहान हातांची, हाही तर्क फसवा. मूठ घट्टच बसायला हवी. मागची गोल वाटी मनगटाला अडते, त्यामुळे मनगट फिरवत न बसता खांद्यातून ओढून वार करावा लागतो. मुठीवरचे सोने बघताना झिजलेली जागा शोधावी. कोफ्तगिरीत पोलादावर आधी आडव्याउभ्या बारीक रेघा मारून ते खरबरीत करतात, त्यावर केसासारखी तार ठोकतात आणि घोटतात. सोने उडाले की खालची जाळी उघडी पडते. जाळी न दिसता खोल चर दिसला तर काम वेगळे: चर कोरून त्यात सोने भरलेले, आणि म्हणून जास्त टिकाऊ.

लघुचित्रे मुळात भिंतीवर टांगायची नव्हतीच. ती मांडीवर घेऊन, वीतभर अंतरावरून बघायची. मुघल चित्रसंग्रहाच्या पानामागे अनेकदा सुलेखन असते. ग्रंथालयाचे शिक्के आणि मोजदादीच्या नोंदीही सापडतात. चौकटीत बसवले की हे सगळे गेले. समोरून जे उरते तेही उभ्याने दिसत नाही. सोन्याच्या जागी सुईने टोचून बारीक खड्डे पाडलेले असतात. डोळे चित्राच्या खाली नेले, म्हणजे सरळ उकिडवे बसले, की ते एकदम लखलखतात. तळे काळे दिसले तर चित्रकाराला नावे ठेवू नयेत. पाणी चांदीने रंगवले होते, हवेतल्या गंधकाने ते काळे पडले. दालनात अंधार वाटतो तो वीज वाचवण्यासाठी नाही. कागद आणि कापडावर सुमारे 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचे एकक) प्रकाश ठेवायचा संकेत आहे, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. उन्हातून आल्यावर पाच-दहा मिनिटे डोळे सरावू द्यावेत आणि मगच चित्रांकडे वळावे.

पैठणीने मात्र हा सगळा गोंधळच मिटवला आहे. अस्सल हातविणीच्या पदराला उलट-सुलट नाही, मागेही तोच मोर. तो मांडताना कोणती बाजू वर ठेवायची, हा प्रश्नच पडू नये.

सालारजंगमध्ये दर तासाला घड्याळातला बाहुला बाहेर येऊन टोल देतो आणि सगळी गर्दी तिकडे धावते. बाराला तर जास्तच. बाहुल्याला बारा ठोके द्यायचे असतात. लघुचित्रांपुढे उकिडवे बसायला याहून चांगली वेळ नाही. शुक्रवारी तेवढे जाऊ नये, संग्रहालय बंद असते.