तुम्ही विचारलंत म्हणून: एका ब्रेडचे पावणेतीनशे रुपये कशाचे?

लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, मी कुठेही भेटले की हाच प्रश्न. काकू, त्या तुमच्या बेकरीत एका सावरडो ब्रेडला पावणेतीनशे घेतात म्हणे, असं आहे तरी काय त्यात, आणि शनिवारी सकाळी लोक रांग कसली लावतात? आता "तुमची बेकरी" म्हणजे माझी नव्हे हं, मी नुसती सकाळच्या वेळात काउंटरला असते, बँकेतून रिटायर झाल्यावर घरात बसवेना म्हणून. कोथरूडमधल्या एका गल्लीतलं छोटंसं दुकान आहे, पुढे चार-पाच टेबलं, मागे काचेपलीकडे ओव्हन, बस. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायची.

रांगेचं आधी सांगून टाकते. पुण्याला बेकरीसमोरच्या रांगेचं नवल ते काय? कयानी बेकरी १९५५ ची, ईस्ट स्ट्रीटवर तिच्या श्रूजबरी बिस्किटांसाठी आपले आईवडीलसुद्धा उभे राहिलेत, आणि दुपारी दुकान बंद म्हणून हात हलवत परतही आलेत. आमच्याकडची रांग मुळात ब्रेड कमी असतात म्हणून लागते. आणि कमी का असतात, ते कळलं की किमतीचंही अर्धं कोडं सुटतं.

तर सावरडो, म्हणजे नुसत्या आंबवणावर फुगवलेला ब्रेड. त्यात पीठ, पाणी आणि मीठ, चौथी वस्तू नाही. यीस्टचं पाकीट नाही, त्याऐवजी स्टार्टर, म्हणजे पीठ-पाणी कालवून रोज थोडं काढून थोडं नवीन घालत जिवंत ठेवलेलं आंबवण. घरातलं विरजण जसं आपण संपू देत नाही तसंच. त्यामुळे बायका हक्काने डबी घेऊन येतात, जरा चमचाभर द्या ना म्हणून, आणि आम्ही देतो. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, निम्म्या पुण्याने घरी स्टार्टर पाळला होता, त्यातले बहुतेक गेले बिचारे, पण त्या लोकांना निदान किंमत विचारावीशी वाटत नाही, कारण त्यांनी एकदा तरी ते करून बघितलेलं असतं.

शनिवारी सकाळी तुम्ही जो ब्रेड नेता त्याचं पीठ शुक्रवारी भिजतं. मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने त्याच्या घड्या घालायच्या (मळत नाहीत, घड्याच), फुगलं की गोळे वळायचे, वेताच्या टोपलीत ठेवायचे आणि रात्रभर चार डिग्रीच्या फ्रीजमध्ये. पहाटे ओव्हन अडीचशे डिग्रीपर्यंत तापवायचा, वर ब्लेडने चीर द्यायची, वाफ सोडायची, मग भाजायचं. हे घड्याळावर चालत नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर चाळीस असताना पीठ तीन-साडेतीन तासांत वर येतं, बर्फाचं पाणी घालून त्याला आवरावं लागतं, आणि डिसेंबरात तेच पीठ दुप्पट वेळ ढिम्म बसून राहतं. आमचा बेकर, म्हणजे माझ्या धाकट्याच्या वयाचा मुलगा आहे तो, थंडीत पिठाचा टब ओव्हनशेजारी सरकवतो आणि उन्हाळ्यात एसीच्या खोलीत नेतो, दिवसभर हेच.

आता हिशोब, बँकेतली सवय. एका लोफला, म्हणजे अख्ख्या ब्रेडला, अर्धा किलोच्या आसपास पीठ लागतं, चांगलं घेतलं तरी पन्नास रुपयांच्या आत. मग बाकीचे दोनशे-सव्वादोनशे? माणसांचे पगार, गल्लीतलं असलं तरी कोथरूडचं भाडं, ओव्हनचं बिल. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही ती मी सांगते, उरलेल्या ब्रेडचे. शनिवारी किती लागतील हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं, आणि जुलैत नेमका शनिवारी धो धो पाऊस पडला की निम्मी शेल्फ तशीच. त्या न खपलेल्या ब्रेडचे पैसे तुमच्या ब्रेडमध्ये असतात. म्हणून मालक मुद्दाम कमी करतात, म्हणून साडेदहाला संपतात, म्हणून रांग. त्यात कसलं आलंय गूढ!

पण तुमचा खरा प्रश्न तो नसतो ना. घ्यावा का, हा असतो. त्याचं उत्तर काउंटरवरच्या तक्रारी ऐकूनच मला कळलं. ब्रेडच्या निम्म्या तक्रारी ब्रेडच्या नसतातच, आपण तो स्लाइस ब्रेडसारखा वापरायला जातो त्याच्या असतात.

पहिली तक्रार, करपलाय. रोज. वरचा रंग गडद तपकिरी, कडेला जवळजवळ काळा, ते मुद्दाम असतं, चव तिथेच असते. आमचे एक आजोबा आहेत, सकाळी टेकडी करून येतात, त्यांनी पहिल्या दिवशी लोफ उचलला, बोटाने टकटक केलं, कवळी सावरली आणि म्हणाले, "बाई, हे दातांचं काम आहे की हातोडीचं?" मी त्यांना आतलं मऊ कापून दिलं, वर लोणी. आता ते दर मंगळवारी अर्धा लोफ नेतात, कडा सुनेला, मधला भाग स्वतःला.

दुसरी, भोकं. एक ताई चिडूनच आल्या होत्या, जॅम लावला की टेबलावर गळतो. खरंच गळतो. पीठ ओलं असतं, आत हवेचे फुगे राहतात, त्याची ती जाळी. मग जॅम लावू नका. ठेचा लावा की! जाड तुकडा तव्यावर तुपात दोन्हीकडून भाजा, वर हिरव्या मिरचीचा ठेचा नाहीतर लसणाची चटणी, ती त्या भोकांतच जाऊन बसते. किंवा कटाची आमटी उरली असेल तर त्यात बुडवून. मिसळीबरोबर मात्र नको, तिथे लादी पावच, तर्री पिऊन मऊ होणारा. आणि अंडा भुर्जीलाही पावच. यावर मालकांचं माझ्याशी पटत नाही, त्यांना मेन्यूवर सावरडो-मिसळ ठेवायची होती, मी म्हटलं त्या दिवशी मी रजेवर.

तिसरी, आंबट लागतोय, खराब झाला का. नाही हो, आंबवलेलंच आहे ते, इडली-ढोकळा आपण खातोच की.

आणि चौथी सगळ्यात जास्त, दोन दिवसांत दगड झाला. विचारलं की कळतं फ्रीजमध्ये ठेवला होता. फ्रीजच्या थंडीत ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो म्हणून. दोन-तीन दिवसांचा असेल तर कापलेली बाजू खाली करून पाटावर ठेवा, वर फडकं. पावसाळ्यात किंवा जास्त दिवस हवा असेल तर स्लाइस कापून सरळ फ्रीझरमध्ये, आणि लागेल तेवढे काढून तसेच तव्यावर. एवढं एक केलंत तरी माझं निम्मं काम कमी होईल.

मग पुण्यातला हुकमी प्रश्न, एगलेस आहे ना? हा चतुर्थीला आणि श्रावणात जास्त. सावरडोत अंडं नसतंच, दूधही नसतं. क्रोसाँवर, म्हणजे लोण्याच्या थरांच्या त्या कुरकुरीत पावावर, चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवतात बऱ्याच ठिकाणी, आमच्याकडे दूध लावतात, तरी विचारलेलं बरं. आणि क्रोसाँ महाग का हेही विचारता तर तिथे लोण्याचा खर्च आहे, शिवाय पीठ आणि लोणी घडी घालून लाटायचं, गार करायचं, पुन्हा घडी, तीन वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे सत्तावीस थर. खोली गरम असली की लोणी वितळून पिठात जिरतं आणि थर गेले, म्हणून एप्रिल-मेमध्ये ते फार थोडे होतात. माझं स्पष्ट मत विचाराल तर उन्हाळ्यात घेऊच नका, दिवाळीनंतर या.

तब्येतीवरून विचारणाऱ्यांना मी जरा सांभाळून उत्तर देते. खपली गव्हाचा लोफ आला की फोन सुरू होतात, सांगली-साताऱ्याकडचा तो जुना गहू, लोकांना वाटतं त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते चिवट प्रथिन, नसतं. असतं. कमी ताकदीचं असतं, म्हणून नुसत्या खपलीचा ब्रेड फुगत नाही, आम्ही पाव हिस्सा खपली आणि बाकी मैदा घालतो. सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, असलेल्याने सावरडो काय, खपली काय, हात लावू नये. एका गृहस्थांना हे सांगितलं तर म्हणाले, इंस्टाग्रामवर तर चालतं म्हणतात! मी त्यांना खारे शेंगदाणे दिले, त्यात ग्लूटेन नसतं. आणि शुगरवाल्यांना, साध्या पांढऱ्या ब्रेडपेक्षा साखर थोडी हळू चढते म्हणतात, पण शेवटी मैदाच आहे, चार स्लाइस खाल्ल्यात तर डॉक्टर मला नाही तुम्हाला ओरडणार.

बिलावरूनही भांडण होतं, तेही सांगून टाकते. अख्खा ब्रेड घरी नेलात तर त्यावर जीएसटी शून्य. तोच टोस्ट करून प्लेटमध्ये टेबलावर आणून दिला की पाच टक्के. ब्रेड तोच, काउंटर तेच, एक काका दर वेळी म्हणतात मी उभा राहून खाल्ला तर? काका, मी सरकार नाही.

आणि लाकडाच्या भट्टीतला आहे का, हे विचारणारेही खूप. नाही, विजेचा ओव्हन आहे. लाकडाच्या भट्टीचं कौतुक मलाही आहे, इराण्याचा कडक ब्रून पाव तिथूनच आला, पण धुराचं काय? मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. तिथल्या पाववाल्यांना ते किती जड गेलं असेल हे कुणी विचारत नाही, रात्रभर जागून लादी काढायची आणि ती चार पैशांत विकायची. हातकाम तेही आमच्याइतकंच करतात, किंबहुना जास्त. आमच्याकडे फोटो निघतात एवढाच फरक. हे मी मालकांसमोरही बोलते.

बसणाऱ्यांचं थोडक्यात. एक कॉफी आणि तीन तास लॅपटॉप, अशी मुलं असतात, मला त्यांचा राग येत नाही, कारण ब्रेडपेक्षा कॉफीत मार्जिन आहे आणि रिकामं दुकान बघून कुणी आत येत नाही. फक्त रविवारी सकाळी लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं बाहेर ताटकळत असतात तेव्हा उठा रे बाबांनो, सांगावं लागू नये.

तर घ्यावा का? घरात दोनच माणसं असतील, तव्यावर भाजून सावकाश खाणार असाल, तर घ्या, आठवड्याला एक पुरतो, पावणेतीनशे वसूल होतात. मुलांच्या डब्यात सँडविच द्यायचं असेल तर नका घेऊ, मुलं कडा तशाच परत आणतात आणि मग तुम्ही मला बोलता. पहिल्यांदाच घेणार असाल तर अर्धा मागा, अर्धाही मिळतो, बोर्डावर लिहिलेलं नाही. शनिवारी येऊ नका, मंगळवारी किंवा बुधवारी नऊच्या सुमाराला या, गर्दी नसते आणि मला बोलायलाही वेळ असतो. सोमवारी बंद. आणि ओव्हनमधून आत्ता निघालेला गरम लोफ कापून द्या म्हणू नका, आतून चिकट होतो तो, निदान तासभर थांबावंच लागतं, मालकांनी सांगितलं तरी मी कापत नाही.