तांब्याच्या तारेवर चांदीचं झाड, चौथा प्रयत्न

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, पण या वेळी झाड आलं आणि लई भारी आलं! म्हणजे तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या (चांदीचा पाण्यात विरघळणारा क्षार) द्रावणात ठेवायची, की तारेवर चांदीच्या फांद्या फुटतात, तोच प्रयोग.

मागच्या तीन वेळा काय चुकलं ते आधी सांगतो. पहिल्यांदा उद्यमनगरातनं मोटार वायंडिंगची तार आणलेली, दोन तास बुडवून ठेवली तरी काही होईना, मग लक्षात आलं की त्या तारेवर वार्निश असतंय, तांबं द्रावणाला लागतच नव्हतं, फक्त कापलेल्या टोकाला जरासं करडं आलेलं. दुसऱ्यांदा तार पॉलिशपेपरनं घासली, पण सिल्व्हर नायट्रेट नळाच्या पाण्यात टाकलं आणि पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, नळाच्या पाण्यातल्या क्लोराईडनं (मिठात असतंय तेच) चांदी आधीच धरली की. तेव्हापासून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरच वापरतोय. तिसऱ्यांदा द्रावण दाट केलं, 20 मिलीत जवळपास पाऊण ग्रॅम, तर नुसती काळपट लव, धक्का लागला की गळणारी.

आता 20 मिलीत 0.17 ग्रॅमच घेतलं, म्हणजे 0.05 मोलर (द्रावण किती दाट ते मोजायचं माप). पसरट काचेच्या डिशमध्ये तार आडवी ठेवली, मोबाईलला मॅक्रो लेन्स लावली आणि डिश अजिबात हलवली नाही. आधी तार करडी पडली, मग कडेनं बारीक सुया फुटल्या, सुईला फांदी, फांदीला परत फांदी, पन्हाळ्याच्या तटाला पावसात नेचे फुटतात ना अगदी तसं, आणि बाजूनं टॉर्च मारला की प्रत्येक पातं चमकायचं. मी तासभर जागचा हललो नाही.

असं का होतं, तर द्रावण पातळ असलं की चांदीचे आयन (विजेचा भार असलेले अणू) हळूहळू येतात, आणि जे टोक सगळ्यात पुढं आलेलं असतं त्याला ते आधी सापडतात, म्हणून टोकच वाढत जातं. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, तेवढ्यात चांदीचे दोन अणू बसतात, म्हणून 1 ग्रॅम तांबं गेलं तर साधारण 3.4 ग्रॅम चांदी मिळते. माझ्या डिशमध्ये सगळी मिळून 0.11 ग्रॅमच, पण दिसायला केवढी! विरघळलेल्या तांब्याची निळी झाक मात्र द्रावणाला सकाळी दिसली.

मामा हुपरीत चांदीकाम करतात, त्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, "अरं, तेजाबात गेलेली चांदी आम्ही तांब्याची पट्टी टाकूनच काढतो की." मग रविवारी तिकडंच जाणार.

ग्लोव्हज घालाच, माझं बोट आठवडाभर काळं होतं, साबणानं जात नाही. आणि यात अमोनिया मिसळून ठेवू नका, सुकलं की स्फोट होऊ शकतो. उरलेल्या द्रावणाच्या एका थेंबात मीठ टाकून बघितलं, पांढरं झालं नाही, म्हणजे चांदी संपली. निळं पाणी मोरीत ओतलं नाही, त्यात लोखंडी खिळे टाकलेत, आता त्यांच्यावर तांबं चढतंय. त्याचे फोटो उद्या टाकतो.